खवल्या मांजराचा वर्ग

मी लोणारला आले तेव्हा महाराष्ट्र राज्य नवं होतं आणि माझी नोकरीही नवी होती. वेंगुर्ल्याच्या बाजूचं माझं गाव. आई मला आठवत नाही. वडील मी शाळेत असतानाच गेले. काका-काकूंनी वाढवलं, बी.एस्सी.पर्यंत शिकवलं, कधी वाकडा शब्द बोलले नाहीत. पण त्या घरात मी कायम पाहुणीच राहिले. कधी जाणार, हे कुणी तोंडानं विचारत नव्हतं, इतकंच. म्हणून लोणारच्या हायस्कुलात शास्त्र शिकवायला बाई हवी असल्याची जाहिरात पेपरात दिसली, तेव्हा ते गाव कुठं आहे हे न बघताच मी अर्ज केला. नकाशा नंतर उघडला.

बोटीनं मुंबई, तिथून रेल्वेनं जालना आणि पुढे एस.टी. उतरले तेव्हा केसांवर, पापण्यांवर धुळीचा थर होता. गावात मोठं तळं आहे हे कंडक्टरनं सांगितलं आणि मला उगाच धीर आला. पाणी आहे म्हणजे मासे असणार, मासे आहेत म्हणजे थोडंफार आपल्यासारखं असणार.

पहिल्याच रविवारी मी तळ्यावर गेले. वरच्या कडेवर उभं राहिलं की खाली भलामोठा वाडगा, त्याच्या उतारावर झाडी, मोरांचं ओरडणं आणि तळाशी हिरवं पाणी. मी एकटीच उतरत गेले. पाण्यात हात घातला तर ते बोटांना साबणासारखं बुळबुळीत लागलं. वासही उग्र. तिथं एक म्हातारा शेळ्या चारत होता. त्याला विचारलं, "यात मासे कोणते मिळतात?"

"यात मासोळी नाही जगत, बाई. खारं हाय."

"आमचा समुद्रही खाराच आहे की."

"असंन," तो म्हणाला, "पण हे येगळं खारं हाय."

मी तशीच चढ चढून परत आले. एवढं मोठं पाणी आणि त्यात एक मासा नाही, हे मला कितीतरी दिवस पटत नव्हतं.

खोली मिळाली ती एका शेतकरी कुटुंबाच्या घराची रस्त्याकडची बाजू. माळकरी घर. मालकीणबाईंनी पहिल्याच दिवशी अट घातली, "मासोळी-मटण आपल्या घरात चालत नाही, बाई. बाकी काई म्हणणं नाही." त्यांची सुना-मुलांची गडबड भिंतीपलीकडे चालायची. भाकरी थापल्याचा आवाज, कुणाला तरी हाक, हसणं. मधल्या दाराला त्यांच्या बाजूनं कडी होती. मी माझ्या बाजूला स्टोव्हवर भात शिजवायची आणि जेवताना पुस्तक समोर धरायची. शाळेत पुरुष मास्तरच सगळे. ते मला मान द्यायचे, म्हणजे मी खोलीत शिरले की बोलणं थांबवायचे.

मुलांशी मात्र बोलता यायचं. आठवीला पृष्ठवंशी प्राण्यांचा धडा होता. मी सगळ्यांना स्वतःच्या मानेपासून खाली बोट फिरवायला सांगितलं. वर्गात एकच खिदळणं सुरू झालं. "मणके लागतात का हाताला? हा कणा. ज्यांना हा आहे ते सगळे एका मोठ्या घरातले. मासे, बेडूक, साप, पक्षी, गाय आणि तुम्ही."

"सापाले बी कणा हाय, बाई?" मागून कुणीतरी विचारलं.

"सापाला तर कणाच कणा आहे."

हेडमास्तरांना त्या वर्षी शास्त्राच्या खोलीत एक काचेचं कपाट भरायचं होतं. पृष्ठवंशी प्राण्यांच्या प्रत्येक वर्गातला एक तरी प्राणी बरणीत हवा, असं त्यांनी संस्थेच्या मंडळींना सांगून ठेवलं होतं. त्यासाठी फॉर्मॅलिन आलं, बरण्या आल्या आणि काम माझ्याकडे आलं. मीही ते आनंदानं घेतलं. संध्याकाळी लवकर खोलीवर जायची घाई नसलेलं माणूस अशा कामाला बरं पडतं.

मासा आणायला मी आठवडी बाजारात गेले. लांबच्या नदीवरून मासे घेऊन आलेल्या एका बाईकडून जिवंत मरळ घेतली आणि बादलीत घालून वर्गात नेली. कल्ले दाखवले, पर दाखवले, अंगावरचे खवले दाखवले. मासा पाण्यातली हवा कल्ल्यांनी घेतो, त्याचं रक्त आपल्यासारखं एकसारखं गरम राहत नाही, पाणी गार तसा तो गार, हे सांगितलं. तेवढ्यात मरळीनं वर येऊन तोंड बाहेर काढलं आणि हवेचा घोट घेतला.

"बाई, हा तं हवा खाऊन राह्यला!" पुढच्या बाकावरची मुलगी ओरडली. "मंग हा बेंडूक व्हय का?"

मला तिचा प्रश्न फार आवडला. मी सांगितलं, मरळ चिखलात राहणारी, तिला वरची हवाही लागते. पण तिला कल्ले आहेत, पर आहेत, म्हणून ती मासाच. एका खुणेवरून कुणाला ठरवायचं नाही, सगळ्या खुणा पाहायच्या. बेडकाचं काय, तर त्याचं बालपण पाण्यात कल्ल्यांवर जातं आणि मोठेपण जमिनीवर, ओल्या कातडीवर आणि फुप्फुसांवर. हे दाखवायला मी तळ्याच्या कडेवरच्या धारेच्या, म्हणजे झऱ्याच्या, गोड्या पाण्यातून बेडकाची पिल्लं काचेच्या भांड्यात आणून ठेवली. मुलं रोज येऊन पाहायची की पाय फुटले का, शेपूट आखडली का. शेपूट गेली त्या दिवशी भांड्यातून एकेक बेडूक उडी मारून निघून गेला.

मरळ मात्र बरणीत गेली. काम आटपून मी खोलीवर आले, पिठलं केलं. हाताला माशाचा वास होता. जेवताना तो नाकाशी आला आणि समुद्राकाठचं आमचं गाव आठवलं. मालकीणबाईंना कळेल म्हणून हात घासून धुवायला हवे होते. मी त्या संध्याकाळी धुतले नाहीत.

हळूहळू कपाट भरलं. कुणीतरी मारलेलं फुरसं आलं. त्याच्या कोरड्या खवल्यांवरून बोट फिरवून मुलांना सांगितलं, सरपटणाऱ्यांची कातडी अशी कोरडी असते. ते जन्मापासून फुप्फुसांनी श्वास घेतात. बहुतेक जण जमिनीवर अंडी घालतात, फुरसं मात्र जिवंत पिल्लं टाकतं. कोंबडीचा सांगाडा आम्ही उकडून, साफ करून तारेनं बांधला. पक्ष्याची हाडं आतून पोकळ असतात हे मुलांनी एक हाड मोडून स्वतः पाहिलं. सस्तन प्राण्याच्या बरणीत होता एक उंदीर. हेडमास्तर कपाटासमोर उभे राहिले की त्या उंदराशी येऊन थबकायचे.

"बाई, शेवटी उंदीर? काई तरी दाखवण्याजोगं पाह्यजे न."

हिवाळा सरत आला होता. एका सकाळी शाळा भरायच्या वेळी त्या पुढच्या बाकावरच्या मुलीचे वडील फाटकाशी आले. खांद्यावर गोणपाट, त्यात काहीतरी जड. त्यांचं शेत तळ्याच्या कडेपलीकडे होतं. शेताचा बांध दुरुस्त करताना टिकाव एका बिळात घुसला आणि आतून हे निघालं.

"पोरगी म्हणे, आमच्या बाईले जनावरं समजतात," ते म्हणाले. "हे काय व्हय ते सांगा."

मी गोणपाट वर्गात जमिनीवर उघडायला लावलं. आत एक गोळा होता. मोठ्या कलिंगडाएवढा, अंगावर एकावर एक चढवलेले मातकट खवले, फणसाच्या झाडाला लटकलेल्या फळासारखा गप्प. तोंड नाही, पाय नाहीत. मुलं बाकांवर चढली.

"घोरपड हाय!"

"कासव हाय बे, पाठ पाय त्याची!"

"बाई, खवले हायेत म्हणजे मासोळीच्या जातीचं असंन."

मी पुस्तकात याचं चित्र पाहिलं होतं, कॉलेजच्या कपाटात एक वाळलेली कातडी पाहिली होती. जिवंत कधी नाही. "हे खवल्या मांजर," मी म्हणाले. "मासा नाही, घोरपड नाही, कासव नाही. हे सस्तन आहे. गायीच्या वर्गातलं."

वर्ग हसला. मुलीचे वडीलही हसले, पण आदरानं, तोंडावर हात ठेवून. "गायीच्या?"

"हे खवले म्हणजे आपल्या नखांसारखे. याच्या पोटावर केस असतात. याचं रक्त गरम असतं. हे पिलाला दूध पाजतं."

"मंग दाखवा न, बाई!"

दाखवणार कसं? सगळ्या खुणा पोटाकडे आणि पोट गोळ्याच्या आत. मी खवल्यांवर तळहात ठेवला. गार होते, पण दोन खवल्यांच्या फटीतून ऊब येत होती. मुलीलाही हात लावायला दिला. "हाव, गरम हाय," ती म्हणाली. बाकीच्यांना तेवढं पुरलं नाही.

गोळा शास्त्राच्या खोलीत ठेवला. मधल्या सुट्टीत हेडमास्तर आले, वाकून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"बाई, हे अख्ख्या जिल्ह्यात कोणत्या शाळेत नसंन. पेंढा भरून घेऊ. जालन्याले माणूस हाय माया ओळखीचा. आपल्याकडं क्लोरोफॉर्म हाय न?"

"आहे," मी म्हणाले.

"मंग उद्या सकाळी करून टाका."

मी मान हलवली. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला त्यात वावगं वाटलं नाही. कपाट माझंही होतं.

शाळा सुटली. मुलं गेली, मास्तर गेले. मी शास्त्राच्या खोलीचं दार लोटून घेतलं आणि खिडकीखाली स्टुलावर बसले. वह्या तपासायच्या होत्या, पण चष्मा काढून नुसतीच बसून राहिले. बाहेरच्या लिंबावर पक्ष्यांचा कलकलाट सुरू होता. बराच वेळ काही झालं नाही. मग गोळ्यातून खरखर असा आवाज आला, पन्हळी पत्र्यावरून काठी ओढावी तसा. एक कड सुटली. आधी निमुळतं, खवले नसलेलं तोंड बाहेर आलं, मग मण्यासारखे डोळे. त्यानं नाक उंचावून खोलीचा वास घेतला. मी श्वास धरून होते. हळूहळू सगळं अंग उलगडलं आणि ती कुशीवर झाली. 'ती' म्हणते, कारण पोटाच्या घडीत एक पिल्लू होतं. फिक्कट, मऊ खवल्यांचं, माझ्या हातभर नसेल. त्याचं तोंड आईच्या काखेपाशी होतं आणि ते दूध पीत होतं. पिताना त्याचं इवलंसं पोट वरखाली होत होतं.

मी किती वेळ पाहत होते कोण जाणे. 'सस्तन प्राणी पिलांना दूध पाजतात,' हे वाक्य मी किती वेळा फळ्यावर लिहिलं होतं, मुलांकडून पाठ करून घेतलं होतं. ते घडताना मी पहिल्यांदा पाहत होते. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि शेजारी कुणी नव्हतं म्हणून मी ते पुसलंही नाही.

तशीच उठले आणि हेडमास्तरांच्या घरी गेले. ते ओट्यावर बसले होते.

"सर, तिच्या पोटाशी पिल्लू आहे."

"असं? मंग तं दोन नग झाले!"

"मी मारणार नाही, सर."

ते ओट्यावरून उठून उभे राहिले. माणूस वाईट नव्हता. शाळेच्या भिंतींना त्यांनी स्वतः उभं राहून चुना लावून घेतला होता. "बाई," ते शांतपणे म्हणाले, "तुम्ही अजून कायम नाही झाल्या. आन् मी संस्थेले काय सांगू?"

"ज्याचं होतं त्यानं परत नेलं म्हणून सांगा."

"त्यानं कुठी परत मांगलं?"

"मी आता त्यांच्याकडेच चाललेय."

मी नमस्कार केला आणि निघाले.

मुलीचं घर गावाच्या टोकाला होतं. वडील बैल सोडत होते. मी सांगितलं ते त्यांनी ऐकून घेतलं आणि बैल पुन्हा बंडीला जुंपले. शाळेत येऊन त्यांनीच तो गोळा उचलला. आमची चाहूल लागताच तिनं पिलाला आत घेऊन पुन्हा स्वतःला मिटून घेतलं होतं. गोणपाटावर ठेवून आम्ही शेताकडे निघालो. ऊन उतरलं होतं, वाटेच्या दोन्ही बाजूंना हरभरा उभा होता.

"बांध तं मीच फोडला," ते म्हणाले. "आता हे राहीन कुठी?"

"बीळ पुन्हा खणेल. नखं पाहिलीत ना? हिला वारुळं हवीत. तोंडात दात नाहीत, लांब जिभेनं मुंग्या आणि वाळवी खाते."

"मंग तं आपलीच राखण करते म्हना की."

बांधापासून थोडं पुढे, उताराच्या झाडीत जुनं वारूळ होतं. तिथं तिला ठेवलं आणि आम्ही बंडीपाशी येऊन थांबलो. त्यांनी मला बसायला घोंगडी घातली. स्वतः दूर चाकाला टेकून बसले. मग त्यांनी विचारलं, "बाई, तुमचं इकडं कोणी नाही?"

"नाही."

"आन् तिकडं?"

"काका-काकू आहेत."

"कागद येते न त्याहीचा?"

"दिवाळीत आला होता."

ते एक ढेकूळ उचलून हातात चुरत बसले. मला वाटलं, एवढं माझ्याबद्दल इथं कुणी विचारलंच नव्हतं, आणि विचारल्यावर सांगायला एवढंच निघालं.

सूर्य टेकला तेव्हा वारुळापाशी खरखर झाली. ती उलगडली. पुढचे पाय मुडपून, नखं आत वळवून ती चालायला लागली, कमरेत वाकलेल्या म्हातारीसारखी. पिल्लू शेपटीच्या बुडाशी आडवं चिकटून बसलं होतं.

"पाठुंगळी घेतलं लेकराले," ते हळूच म्हणाले.

झाडीत शिरेपर्यंत आम्ही पाहत होतो. मग काहीच दिसेना.

गावात परतले तेव्हा दिवे लागले होते. मालकीणबाई दारात उभ्या होत्या. "कुठी गेलत्या, बाई? जीव टांगणीले लागला न आमचा. पायाले माती किती!" मला एकदम सगळं सांगावंसं वाटलं. मी सुरुवातही केली, ते पिल्लू, ते दूध. त्या उंबऱ्यावर उभ्या राहून ऐकत होत्या, "अगं माय" म्हणत होत्या. तेवढ्यात आतून नातू रडला, सुनेनं हाक मारली. "येते हं," म्हणून त्या गेल्या. मी थोडा वेळ तशीच उभी राहिले. मधल्या दाराची कडी लागल्याचा आवाज आला तेव्हा स्टोव्ह पेटवायला आत गेले.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी मुलांना सगळं सांगितलं. फळ्यावर जमेल तसं चित्र काढलं. एक मुलगा म्हणाला, "म्हणजे तुमी एकट्यानंच पाह्यलं. आमी कसं मानावं?" मी काही बोलायच्या आत ती मुलगी उठून उभी राहिली. "माया बाबानं बी पाह्यलं," ती म्हणाली, "आन् गरम होतं ते मले सोताले लागलं." मुलगा खाली बसला. त्या दिवशी वर्गानं सस्तन प्राण्यांच्या खाली खवल्या मांजर लिहून घेतलं, वाघाच्याही आधी.

हेडमास्तर मला रागावले नाहीत. त्यांनी फक्त बोलणं बंद केलं. निरोप शिपायाकडून यायचे. त्यांचं पाहून बाकीचे मास्तरही, जे आधी निदान "काय बाई, बरं आहे ना?" म्हणायचे, ते खाली बघून जाऊ लागले. फाल्गुन-चैत्र असेच गेले. शास्त्राच्या खोलीत मी एकटी बरण्यांवरची धूळ पुसायची. रविवारी तळ्याच्या कडेवर जाऊन बसायची. दुपारच्या उन्हात खाली पाणी स्थिर असायचं. कधी माकडांची टोळी उतारावरून जायची, पोटाला पिल्लं धरलेल्या माद्या सगळ्यात मागे.

वार्षिक परीक्षा झाली आणि सुट्टीच्या आदल्या दिवशी शिपायानं एक लिफाफा आणून दिला. मला कायम केलं होतं. खाली हेडमास्तरांची सही होती. मी आभार मानायला त्यांच्या खोलीत गेले. ते निकालपत्रकं पाहत होते.

"बसा," ते म्हणाले. किती महिन्यांनी! "सुट्टीत गावाले जाणार असान."

"नाही, सर. इथंच राहणार आहे."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. काहीतरी विचारायचं त्यांच्या मनात आलं असावं. पण त्यांनी पुन्हा कागदात डोकं घातलं.

त्या उन्हाळ्यात शाळेला कुलूप होतं, मालकीणबाईंचं घर लग्नाला परगावी गेलं होतं. सकाळचं ऊन चढायच्या आत मी त्या शेताकडे फिरून यायची. बांध नव्यानं घातलेला होता. झाडीतल्या वारुळाची एक बाजू उकरलेली होती, ताज्या मातीचा ढीग बाहेर पडलेला. आत कुणी आहे की नाही हे पाहायला मी कधी वाकले नाही. थोडा वेळ उभी राहायची आणि आल्या वाटेनं परतायची.

लोणारात मी पुढे बरीच वर्षं राहिले.